तीन वायसर

रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगमागे तीन वायसर निघाले. एकावर एक, व्यवस्थित रचून बसवलेले. दोन लोखंडी, एक तांब्याचा. मेस्त्रींनी ते तळहातावर घेतले, रॉकेलच्या चिंधीनं पुसले आणि दारातल्या उजेडाकडे धरून पाहिले. "बाळ," ते म्हणाले, "ह्या गाडीचा ताप कुणी उतरवल्याला न्हाई. नुसता थर्मामीटर बदललाय."

गाडी एका डॉक्टरांची, म्हणून त्यांना थर्मामीटर सुचला असणार. पुण्याचे हे डॉक्टर आमच्याकडे आले ते क्रँक ग्राइंडिंगची चौकशी करायला. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात काय होत नाही, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. चौकशी करता करता चहा झाला, चहावर वडिलांच्या काळच्या गोष्टी निघाल्या, आणि पुढच्या महिन्यात ट्रकवर दोरखंडांनी बांधलेली जॅग्वार मार्क टू आमच्या गाळ्यासमोर उतरली. ३.८ लिटरचं इंजिन, तारांची चाकं, बॉनेटवर झेप घेणारा जॅग्वार. कोल्हापूरकरांना जुन्या गाडीचं अप्रूप नाही. दसऱ्याला निघणारी छत्रपतींची मेबॅक आम्ही लहानपणापासून बघत आलोय. तरी त्या दिवशी गल्लीतले निम्मे लेथ बंद पडले होते.

आमचा धंदा ऑइल इंजिनांचा. वडिलांनी आणि मेस्त्रींनी मिळून ६५० फेऱ्यांची, उसाला पाणी उपसणारी इंजिनं आयुष्यभर बांधली. त्या इंजिनात ऑइल प्रेशर नावाची भानगडच नव्हती. कनेक्टिंग रॉडच्या बुडाला पळीसारखा एक तुकडा असे. फिरताना तो चेंबरमधल्या तेलात बुडे आणि सगळीकडे तेल शिंपडे. गेज नाही, काटा नाही. कान लावायचा, हात लावायचा, झालं. प्रेशरचं गणित मला कळलं ते पुढे डिप्लोमा झाल्यावर, ट्रकच्या इंजिनांवर काम करताना, आणि खऱ्या अर्थानं या जॅग्वारवर. कळण्यासाठी एकदा चुकावं लागलं, ते पुढे येईलच.

डॉक्टरांची तक्रार साधी होती. सकाळी गाडी सुरू केली की काटा ७० पौंडांवर. तासभर चालवून सिग्नलला थांबलं की पाचावर. मधल्या काळात दोन ठिकाणी दाखवून झालं होतं. एकानं तेल घट्ट केलं, एकानं रिलीफ व्हॉल्व्ह 'सेट' केला. सेट केला म्हणजे काय केलं, ते आता मेस्त्रींच्या तळहातावर होतं.

या वायसरांचं थोडं सांगायला हवं, कारण ही युक्ती आजही सर्रास चालते. पंपातून येणारं तेल बेअरिंगांकडे जातं. तेल थंड असलं, घट्ट असलं, की ते बेअरिंगमधून सहज निसटत नाही आणि दाब वाढत जातो. तो बेसुमार वाढू नये म्हणून रिलीफ व्हॉल्व्ह असतो: ठरावीक दाबाला स्प्रिंग दबते, वाट उघडते, जादा तेल चेंबरमध्ये परत. या जॅग्वारमध्ये तो फिल्टरच्या हेडमध्येच बसवलाय आणि तिथून एक रबरी नळी खाली चेंबरला जाते. स्प्रिंगमागे वायसर घातले की व्हॉल्व्ह उशिरा उघडतो, म्हणून सकाळी काटा ७० दाखवतो. गाडी विकताना गिऱ्हाईक सकाळीच येतं. पण इंजिन तापल्यावर, तेल पातळ झाल्यावर दाब मुळातच इतका कमी असतो की व्हॉल्व्ह बंदच राहतो. बंद व्हॉल्व्हमागे तीन वायसर घाला नाहीतर तीस, काय फरक पडणार? पाचाचे सहासुद्धा होणार नाहीत. उलट रोज सकाळी पंपाच्या दातऱ्यांवर, फिल्टरच्या सीलवर नको तेवढा ताण येत राहतो. मागच्या मेन बेअरिंगच्या दोरीच्या सीलमधून ही इंजिनं एरवीही तेल टिपकवतात, ते वेगळंच.

वायसर मी गेजच्या एका रिकाम्या डब्यात टाकले.

इंजिन उतरवलं. त्या इंजिनाविषयी चार शब्द लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. दुसऱ्या महायुद्धात कोव्हेंट्रीवर बॉम्ब पडत होते तेव्हा कारखान्याच्या छपरावर आगीची राखण करायला रात्रपाळ्या लागत. जॅग्वारचे मालक विल्यम लायन्स आणि त्यांचे हेन्स, हॅसन, बेली हे इंजिनिअर या पाळ्यांवर एकत्र बसून युद्ध संपल्यावर कोणतं इंजिन करायचं याची चर्चा करत, असं सांगतात. त्यातून निघालं ते एक्सके इंजिन: ओळीत सहा सिलिंडर, माथ्यावर दोन कॅमशाफ्ट, खाली सात मेन बेअरिंगांवर फिरणारा जाडजूड क्रँक. १९४८ साली लंडनच्या अर्ल्स कोर्टच्या प्रदर्शनात एक्सके १२० या गाडीत ते पहिल्यांदा लोकांनी पाहिलं. ल मान्सची चोवीस तासांची शर्यत या इंजिनानं १९५१ ते १९५७ या काळात पाच वेळा जिंकली. पुढे ते सलूनमध्ये गेलं, ई-टाइपमध्ये गेलं, ब्रिटिश फौजेच्या हलक्या रणगाड्यातही गेलं, आणि डेमलरच्या लिमोझिनमध्ये थेट १९९२ पर्यंत टिकलं. इतकं जगलेलं इंजिन दांडगं असणारच. ते निष्काळजी हाताखाली पुष्कळ काळ तग धरतं, आणि म्हणून त्याच्यावर निष्काळजी हात पुष्कळ पडलेले असतात.

क्रँक बाहेर आला तेव्हा जर्नलांवर बोट फिरवल्यावर चरे लागत होते. बेअरिंगच्या शेलचं करडं मेटल जाऊन खालचं तांबूस दिसत होतं. हे अपेक्षितच. मला बघायचे होते ते प्लग. क्रँकच्या आतून तेलाच्या वाटा जातात आणि भोकं पाडून झाल्यावर त्यांची तोंडं ॲलन स्क्रूच्या प्लगांनी बंद केलेली असतात, वरून ठोकून पक्की केलेली. क्रँक फिरतो तेव्हा तेलातला जड कचरा बाहेरच्या बाजूला फेकला जातो आणि या पोकळीत साठतो. कंपनीच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलंय: प्लग काढा, आतून साफ करा. पण ते काढणं म्हणजे दाढ उपटण्यापैकी काम. ठोकलेली जागा आधी बारीक ड्रिलनं मोकळी करायची, मग गॅसच्या ज्योतीनं भोवती तापवायचं, मग ॲलन की घालून त्याला लांब पाइप लावायचा आणि एकानं क्रँक दाबून धरायचा. पहिला प्लग कर्रकन् आवाज करून सुटला तेव्हा हाताखालचं पोरगं घाबरून मागे सरलं. त्याला वाटलं क्रँक तडकला.

आत काय निघालं? भोक दिसायला हवं होतं, तिथे काळा ठोकळा होता. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकानं खरवडला तर मशेरीसारखी पूड पडली, दाबून भरलेल्या डबीतून पडावी तशी. मधे मधे चमचमणारे कण, ते बेअरिंगचं मेटल. काही प्लगांमागे बोटभर जागेतून जेमतेम सुईएवढी वाट उरलेली. मेस्त्रींनी थोडी पूड चिमटीत धरून नाकाशी नेली. "आधी दोनदा हे इंजिन उघडलंय," ते म्हणाले, "आन् दोन्ही बारीला हे प्लग कुणी उघडलं न्हाईत." हे त्यांना नटबोल्टांवरून कळतं.

साफ करायला दोन दिवस गेले. बाटली धुवायच्या ब्रशापासून दुर्बीण साफ करायच्या बारीक ब्रशापर्यंत (तो डॉक्टरांनी पाठवला, त्यांच्या दवाखान्यातला) सगळं वापरलं. ब्लॉकमधल्या मुख्य गॅलरीचे प्लगही काढले. गॅलरीत काही नसतंच असं समजून ते न काढणारे पुष्कळ. मी तरुणपणी त्यातलाच.

आता फटीचा मुद्दा. पंप तेल ढकलतो, दाब तयार करतो तो अडथळा. तेल बाहेर पडायला जर्नल आणि शेल यांमधली जी फट असते तीच अडथळा. या क्रँकचं मेन जर्नल पावणेतीन इंचांचं. इंचाला एक थाऊ हा जुन्या लोकांचा हिशोब धरला तर पावणेतीन थाऊ फट हवी. कंपनी अडीचपासून चारच्या किंचित वरपर्यंत देते. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. आपल्या डोक्याचा केस दोन-तीन थाऊंचा असतो, म्हणजे एवढा मोठा क्रँक एका केसाएवढ्या तेलावर तरंगतो. गेजवरचे ४० पौंड त्याला उचलून धरत नाहीत, हे मला फार उशिरा समजलं. गेजवरचा दाब फक्त तेल बेअरिंगच्या दारापर्यंत पोचवतो. पुढे फिरतं जर्नल स्वतःच ते तेल खेचून पाचरीसारखं अरुंद जागेत कोंबतं आणि तिथला दाब गेजच्या शंभरपट, त्याहून जास्तही होतो. पण दारात तेलच पोचलं नाही तर पाचर कशाची?

आणि इथे गणित कठोर आहे. फट दुप्पट झाली की गळती आठपट होते, कारण ती फटीच्या घनानं वाढते. त्यात तेल पातळ होतं: वीस-पन्नासचं तेल शंभर अंशांवर चाळीस अंशांच्या तुलनेत आठ-नऊपट पातळ असतं. सकाळचे ७० आणि दुपारचे ५ यांतलं अंतर असं पडतं.

हे सगळं मी वहीत मांडून मेस्त्रींना दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, पाहिलं, वही परत दिली. "ठिबक बघितलंस न्हवं? एका लॅटरलची एण्ड कॅप निघाली की अख्ख्या फडाला पानी चढत न्हाई. मोटर तीच, हीर तीच. पानी कुठं पळालं ते हुडकायचं. मोटरीला शिव्या घालून काय हुतंय?"

क्रँक ग्राइंडिंगला गेला. दहा थाऊ अंडरसाइझ. ग्राइंडिंगवाल्याचं नाव सांगणार नाही. त्याचं काम इतर वेळी चांगलं असतं आणि पुढच्या घोळात माझा वाटा त्याच्यापेक्षा मोठा आहे. क्रँक परत आला, सोबत चिठ्ठी: सगळे जर्नल दहा, ओके. डॉक्टरांना जानेवारीतल्या रॅलीत गाडी न्यायची होती, रोज फोन. मी पहिला, चौथा आणि सातवा मेन मोजला. तिन्ही बरोबर. प्लास्टिगेजची मेणाची दोरी तिन्हींत दाबून पाहिली, साधारण तीन थाऊ. बाकीचे चार? चिठ्ठी होती की.

नवे शेल, नवी स्प्रिंग (वायसराविना), पंप तपासलेला. हा रोटरचा पंप. रोटर आणि झाकण यांत अडीच थाऊंपेक्षा जास्त फट नको, ती दोनच्या आत होती. ज्या गाळ्यात ऑइल इंजिनांची चाचणी होते तिथल्या स्टँडवर इंजिन बसवलं, पाण्याला पिंप, सायलेन्सरचा पाइप दाराबाहेर. सुरू झालं आणि पहिल्या दहा मिनिटांत मी स्वतःवर बेहद्द खूश होतो. काटा ५५. तासाभरानं, इंजिन नीट तापल्यावर, तीन हजार फेऱ्यांना २८. कंपनी सांगते ४०. स्लो केलं तर ८.

रात्री जेवण गेलं नाही. प्रेशर कमी म्हटल्यावर माणूस आधी स्वतःच्या सोयीचं कारण शोधतो. गेज खोटं असेल! गाडीचं इलेक्ट्रिक गेज आणि त्याचा सेंडर खोटं बोलतात हे जगजाहीर आहे, पण स्टँडवर मी तांब्याच्या नळीचं मेकॅनिकल गेज लावलं होतं. दुसरं आणून लावलं, तेच २८. रिलीफ व्हॉल्व्हच्या सीटवर कचरा अडकला असेल: काढला, स्वच्छ होता. पंपाच्या पाइपांना ओ-रिंगा असतात. ओढणाऱ्या बाजूची कडक झाली की पंप तेलाबरोबर हवा खातो. नवीनच होत्या, तरी बदलल्या. २८. एका मित्रानं फोनवर सल्ला दिला, तेल घट्ट घाल. दुसऱ्यानं अर्थातच वायसर सुचवला. खोटं कशाला बोलू, त्या रात्री डबा उघडून मी ते तिन्ही वायसर बाहेर काढून पाहिले होते. रॅलीला जाऊन आली असती गाडी. थंडीचे दिवस, सकाळची रॅली, काटा छान वर राहिला असता.

सकाळी मेस्त्री आले ते पाठीवरचा फवारणी पंप घेऊन. भावाच्या शेतातला, धुऊन कोरडा केलेला. "चेंबर उतरव. इंजिन टांग." चेन ब्लॉकला इंजिन टांगलं, चेंबर काढलं, खाली परात ठेवली. फवारणी पंपात हायड्रॉलिकचं पातळ तेल भरलं, म्हणजे गरम तेलासारखं वागेल, आणि त्याची नळी गेजच्या भोकाला जोडली. पोरगं पंपाचा दांडा हलवत राहिलं. मी बॅटरी घेऊन खाली पोत्यावर आडवा झालो.

आधी काहीच नाही. गॅलरी भरायला वेळ लागला. मग पहिल्या मेनच्या कडेला एक थेंब जमला, फुगला, पडला. मग तिसऱ्याला. पाऊस थांबल्यावर कौलांच्या कडेला पागोळ्या गळाव्यात तसे सगळे मेन गळायला लागले, प्रत्येकाची लय किंचित वेगळी, पण घाई कुणालाच नाही. बिग एण्डही हळूहळू सामील झाले. मेस्त्री वरून क्रँक थोडा थोडा फिरवत होते. परातीत टप टप असा आवाज सुरू झाला. मी मोजत होतो, एकेका बेअरिंगवर बॅटरी धरून. आणि पाचव्यावर आलो.

पाचव्यातून थेंब पडतच नव्हते. तिथे धार होती. बारीक, सरळ, नळ नीट बंद न केल्यासारखी.

"काय दिसतंय?" मेस्त्रींनी विचारलं.

"एण्ड कॅप," मी म्हणालो.

पाचव्याची कॅप खोलली, मायक्रोमीटर लावला. बाकीची सहा जर्नलं २.७४०० इंचांच्या जरा वरती. हे २.७३७५. अडीच थाऊ कमी. त्या जर्नलवर एक चरा राहिला असणार. तो जावा म्हणून चाक थोडं आणखी आत दिलं गेलं, आणि चिठ्ठी आधीच लिहून झाली होती. तीन थाऊंच्या जागी साडेपाच थाऊ फट. वहीत घन काढला, सहापट. म्हणजे बाकीचे सहा मेन मिळून जेवढं तेल सांडत होते तेवढं एकटा पाचवा सांडत होता.

ग्राइंडिंगवाल्याला क्रँक दाखवला तेव्हा तो भांडला नाही. मायक्रोमीटर लावून पाहिला, गप्प बसला, पुढचं ग्राइंडिंग फुकट केलं. पण शेल फुकट कोण देणार? वीस थाऊ अंडरसाइझचे शेल इंग्लंडहून मागवावे लागले, सहा आठवडे गेले, रॅली गेली. त्यांचे पैसे मी भरले. डॉक्टर नको म्हणत होते. सातातले तीनच मोजण्याचा निर्णय त्यांचा नव्हता.

या वेळी मी मशीनपाशी उभा राहिलो. मोजमाप मात्र तिथे घेतलं नाही. क्रँक गाळ्यात आणून रात्रभर ठेवला, शेजारी मायक्रोमीटरही, आणि सकाळी सातला दोघं एकाच गारव्यात असताना मोजायला बसलो. पावणेतीन इंचांचं जर्नल पंधरा अंशांनी जास्त तापलं तर जवळजवळ अर्धा थाऊ फुगतं. ग्राइंडिंगच्या चाकाखालून नुकत्याच निघालेल्या किंवा दुपारच्या उन्हातून आणलेल्या क्रँकवर घेतलेलं माप फसवं ठरतं, ते असं. सात मेन, सहा पिन. प्रत्येक दोन दिशांनी, तीन जागी. अठ्ठ्याहत्तर आकडे. पोरगं लिहून घेत होतं आणि मधेच म्हणालं, "दादा, हे सगळं सारखंच की." त्याला मी काय सांगणार? सारखंच यावं म्हणून तर मोजत होतो.

प्लग पुन्हा काढून क्रँक पुन्हा धुतला, कारण ग्राइंडिंगची धूळ वाटांत शिरते. शेल बसवले, प्लास्टिगेज सातही मेनला. कमीत कमी पावणेतीन, जास्तीत जास्त सव्वातीन. सुरू करण्याआधी पुन्हा फवारणी पंप, आता खऱ्या वीस-पन्नासच्या तेलानं. या इंजिनात पंपाची आणि डिस्ट्रिब्युटरची दातरी क्रँकलाच अडकलेली असते, त्यामुळे ड्रिल लावून नुसता पंप फिरवता येत नाही. बाहेरूनच दाब द्यावा लागतो. कॅमशाफ्टला तेल जातं ते ब्लॉकच्या बाहेरून चढणाऱ्या एका नळीतून, हेडच्या मागच्या टोकाला. वरची झाकणं काढून ठेवली होती. एवढं घट्ट तेल खालून वर यायला बराच वेळ लागला, पोरगं आणि मी आळीपाळीनं दांडा मारत होतो. मागच्या कॅमच्या बेअरिंगपाशी पहिल्यांदा ओल दिसली, मग चकाकी, मग कॅमच्या पाठीवरून मधासारखा एक ओघळ उतरला. मेस्त्रींनी झाकण उचललं आणि बोल्ट मोजून हातात दिले.

पहिली वीस मिनिटं स्लोवर सोडायचं नाही, दोन हजारांच्या आसपास धरायचं, नाहीतर कॅम आणि टॅपेट एकमेकांना खातात. मग बंद, गार, पुन्हा सुरू. तासाभरानं तीन हजारांना ४२. स्लोला १८. पिंपातलं पाणी उकळायला आलं होतं, काटा तिथेच. मेस्त्री तोवर घरी गेले होते. त्यांना फोन केला तर म्हणाले, "मग? किती यायला पायजे हुतं?"

डॉक्टर गाडी न्यायला आले तेव्हा खूश होते, पण काहीतरी अडत होतं. शेवटी बोलले. "माझ्या मित्राची ई-टाइप आहे ना, तिचा काटा स्लोला साठ दाखवतो हो. आपला अठराच. थोडा वाढवता नाही का येणार?"

"येतो की. तीन वायसर आहेत माझ्याकडे."

ते हसले, पण पूर्ण पटलं नव्हतं. आकडा मोठा म्हणजे तब्येत चांगली, हे मनातून जात नाही. ते स्वतः डॉक्टर असूनही.

दोन महिन्यांनी त्यांचा फोन आला, खंबाटकी घाटाच्या पायथ्याहून. आवाजच सांगत होता. "काटा शून्यावर आलाय."

"इंजिन?"

"लगेच बंद केलं. बाजूला घेतलीय."

हे त्यांनी बरोबर केलं. काटा खोटा असेल अशी शंका घ्यायला रस्त्याच्या कडेला इंजिन बंद करून वेळच वेळ असतो. इंजिन चालू ठेवून ती शंका घेतली तर क्रँक जातो. मी मेकॅनिकल गेजचा डबा, पान्हे आणि एक कॅन तेल गाडीत टाकून निघालो. कोल्हापूर ते खंबाटकी दीडशे किलोमीटर, आणि त्या दीडशे किलोमीटरांत मी मनातल्या मनात ते इंजिन चार वेळा पूर्ण खोललं. ओ-रिंग? गॅलरीचा प्लग सुटला? पाचवा?

पोचलो तेव्हा डॉक्टर आणि त्यांची बायको झाडाखाली सतरंजी टाकून बसले होते. बॉनेट उघडलं. चेंबरमध्ये तेल पुरतं होतं. सेंडर काढून त्या जागी मेकॅनिकल गेज आवळलं; बोटं थरथरत होती, दोनदा आटे चुकले. "मारा स्टार्टर." इंजिन पहिल्या फटक्यात उठलं. काटा चढला, ४० ओलांडून थांबला.

सेंडर परत लावताना दिसलं: वायरचं टर्मिनल सैल होऊन निसटलं होतं. वायरला धरून ठेवणारी क्लिपच जागेवर नव्हती, तिचा बोल्ट तेवढा उरलेला. टर्मिनल दाबून घट्ट केलं, नवी क्लिप बसवायला घेतली तर तिचं भोक बोल्टच्या डोक्यापेक्षा मोठं. डबा चाळला. तळाशी ते तिघं होते. त्यातला एक लोखंडी काढला, पुसला आणि क्लिपवर घालून बोल्ट आवळला.